दर मिनिटाला

१२ नोव्हेंबर २००९, गुरुवार

सर्व्हर आज परत बसला. गेटपास छापणं थांबलं आणि तांदूळ भरलेले ट्रक मिलच्या फाटकाच्या आत अडकून पडले. या आठवड्यात दुसऱ्यांदा. दुर्गाप्रसाद शेठ स्वतः माझ्या खोलीच्या दारापर्यंत आले. सहसा येत नाहीत, इथे कोंड्याची धूळ असते आणि त्यांना दमा आहे. रुमाल नाकाला लावूनच म्हणाले की धानाचा सीझन संपेपर्यंत मशीन नीट चालली नाही तर पास पुन्हा हाताने लिहायला लावीन. तसं झालं तर माझी गरज राहणार नाही. हे त्यांनी म्हटलं नाही, मी समजलो.

म्हणून ही वही. सर्व्हरला कधी काय झालं, मी काय केलं, ते लिहून ठेवायचं. पुढे माझ्या जागी कुणी आलं तर त्याला कळावं.

मशीन उघडली तेव्हा आतला पंखा कोंड्याने बुजला होता. ब्रशने साफ केला. मशीन सुरू झाली. पण एवढ्यावर विश्वास ठेवून बसता येत नाही. सर्व्हरवर किती भार आहे ते सतत बघणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहायची ठरवली.

नवीन माणसासाठी: लिनक्स लोडचे तीन आकडे देतं. मागच्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा. पहिला लगेच चढतो आणि लगेच उतरतो. तिसरा उशिरा चढतो, आणि सगळं शांत झाल्यावरही बराच वेळ वरच राहतो.

बायकोला, अल्काला, फोन केला. ठीक आहे म्हणाली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

स्क्रिप्ट लिहून झाली. फार मोठी नाही, एका पडद्यात मावते. ती तीन गोष्टी विचारते: लोड किती आहे, मेमरी किती उरली आहे, प्रत्येक डिस्क किती भरली आहे. दर पाच मिनिटांनी आपोआप चालते. जुना मोबाइल केबलने सर्व्हरला जोडलाय, त्यावरून माझ्या फोनवर मेसेज येतो. लोड वाढला तर आकडे येतात. वाढला नसेल तरी तासातून एकदा येतो: सर्व्हर ठीक आहे. त्याची खरं तर गरज नव्हती. टाकला.

खोलीत मी, सर्व्हर, बॅटऱ्यांचं कपाट आणि कपाटावर एक कापडी पिशवी. पिशवीबद्दल लिहायचं नव्हतं, पण नवीन माणूस विचारेल. पिशवी माझी आहे. तिच्यात घरचं सामान आहे. दुपटी, झबली, सासूबाईंनी शिवलेली लहान गोधडी. आम्हाला मुलगी झाली, आठव्या महिन्यात. जिवंत नव्हती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचं आम्ही तिच्यासाठीच टाळलं होतं, गर्दी नको म्हणून. त्याच्या पुढच्या आठवड्यात हे झालं. अल्का दवाखान्यातून यायच्या आधी मी घर आवरलं. तिला काही दिसू नये म्हणून हे सगळं इथे आणून ठेवलं, कुलूप लागणारी खोली ही एकच. घरी आल्यावर तिने कपाट उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि बंद केलं. काही विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं.

दिवाळीनंतर ती चोरखमाऱ्याला आईकडे गेली. कधी येणार ते सांगितलेलं नाही. येणार की नाही तेही सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाली, आता नका विचारू.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

सर्व्हर ठीक. लोड अर्ध्याच्याही खाली. दिवसभर मेसेज येत राहिले.

शेठना आकडे दाखवले. लोड म्हटल्यावर त्यांना भारनियमन वाटलं. समजावून सांगितल्यावर खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "लोड देखना है तो बाहर देख. इतने ट्रक खड़े हैं." ट्रक रांगेत नव्हते, भरत होते.

अल्काला आता सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी फोन करतो. मी विचारतो, कसं वाटतं. ती म्हणते, ठीक. मी विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, हो. मागे कोंबड्यांचा आवाज येतो. मग मी ठेवतो.

घरी जाऊन भात लावला. जास्त झाला.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुपारी पडद्यावर एकदम लोड चढताना दिसला. आठ, नऊ, बारा. पहिल्यांदा बरोबर पकडला असं वाटलं. लगेच सर्व्हर बंद करून चालू केला, कारण पाससाठी खिडकीवर ड्रायव्हर उभे होते. चालू केल्यावर सगळं ठीक. कारण कळलं नाही.

दोन बदल केले. एक, स्क्रिप्ट पाच मिनिटांऐवजी दर मिनिटाला चालेल. पाच मिनिटांत पुष्कळ काही होऊन जातं आणि आपल्याला कळत नाही. दुसरा, लोड आठच्या वर गेला की स्क्रिप्ट स्वतःच गेटपासची छपाई थांबवेल. मशीनवर आधीच ताण असताना तिला काम कशाला सांगायचं.

संध्याकाळी सासूबाईंशी बोललो. अल्का मळणीच्या खळ्यावर जाऊन बसते असं कळलं. म्हटलं, जाऊ देऊ नका. झाडलोट, पाणी, काही करू देऊ नका. बायका भेटायला येतात त्यांनाही सांगा, आता नको. सासूबाई ऐकून घेतात. हो जी म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आता रोज होतं. दुपारीच. लोड चढतो, स्क्रिप्ट छपाई थांबवते, ट्रक थांबतात, मी सर्व्हर बंद करून चालू करतो. आधी आठवड्यातून दोनदा होत होतं.

शेठ आज दारात आले नाहीत, मला ऑफिसात बोलावलं. चिडले नव्हते. चहा दिला. म्हणाले, "संघदीप, जब से तू इसको देखने लगा है, तब से ये ज़्यादा बीमार है." बाजूला बसलेले दोन व्यापारी हसले. मीही हसलो असेन. पुढच्या सोमवारी ते नागपूरला जाणार आहेत. परत आल्यावर ठरवू म्हणाले.

अल्काने सकाळचा फोन उचलला नाही. दुपारचाही नाही. मी करत राहिलो. संध्याकाळी सासूबाईंनी उचलला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण त्या एवढं कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "जवाईबापू, तिचा डोळा लागला की तुमचा फोन येते. ते उठून बसते, तुमाले ठीक मनते, मंग भितीकडं पाहत राहते. कायले येवढं विचारता जी? तिच्यापाशी सांगाले काही असन तं सांगन ना."

मी म्हटलं, काळजी वाटते. त्या म्हणाल्या, "वाटतेच ना जी." मग कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पण. बंद करून चालू केला.

मोबाइलवर लोड वाढल्याचे मेसेज येत नव्हते तेव्हा मी समजत होतो की सगळं ठीक चाललं आहे. आज बघितलं तर लोड चढत असतानाच मेसेज येणं बंद झालेलं असतं. असं का, माहीत नाही. मला थकवा नाही, राग नाही, भूकही नाही. घड्याळात वाजले म्हणून जेवलो.

३० नोव्हेंबर, सोमवार

शेठ नागपूरला. म्हणून आज सर्व्हर लगेच बंद केला नाही. खिडकीवरच्या ड्रायव्हरांना चहा प्यायला पाठवलं आणि बसून नुसतं बघितलं. हे आधीच करायला हवं होतं.

लोड तीसच्या पुढे गेला होता. पण प्रोसेसर रिकामा. मशीन काहीच करत नव्हती. दोन वेळा तपासलं. काम शून्य, भार तीस.

मग चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी काढली. यादीत एकच नाव, खालपर्यंत. माझी स्क्रिप्ट. दर मिनिटाला एक, अशा सगळ्या एकाच ओळीवर अडकलेल्या. प्रत्येक डिस्क किती भरली आहे हे विचारणारी ओळ.

काट्याच्या खोलीत, म्हणजे जिथे ट्रकचं वजन होतं तिथे, एक कंप्युटर आहे. त्यातला वजनाचा फोल्डर सर्व्हरला जोडलेला आहे. सर्व्हर त्याला आपलीच डिस्क समजतो. काटा टेकचंदकडे आहे. टेकचंद दुपारी जेवायला उठला की खोलीचा मेन स्विच पाडतो. एकटा तोच नाही, या मिलमधला प्रत्येक माणूस पाडतो. पूर्वी एकदा कोंड्याच्या गोदामाला तारेवरून आग लागली होती, तेव्हापासून खोली सोडायची तर मेन पाडूनच. मीही माझ्या खोलीतले दिवे, पंखे, सगळं पाडतो. फक्त सर्व्हर चालू ठेवतो. स्क्रिप्टच्या पहिल्या आठवड्यात टेकचंद शेतीच्या कामाला सुट्टीवर होता, बदली माणूस डबा काट्यावरच खायचा. म्हणून तेव्हा काही झालं नाही.

तर काट्याचा कंप्युटर बंद. माझी स्क्रिप्ट त्याला विचारते, किती भरला आहेस. उत्तर येत नाही. स्क्रिप्ट वाट बघत थांबते, आणि मेसेज तिच्या शेवटच्या ओळीत असल्यामुळे तोही जात नाही. पुढच्या मिनिटाला दुसरी येते, तोच प्रश्न विचारते, तिच्या मागे थांबते. मग तिसरी. सगळ्या नुसत्या थांबलेल्या. आणि लिनक्स अशी वाट बघणंसुद्धा लोडमध्ये धरतं. मी त्यांतली एक मारून बघितली. मरत नाही. अशा अवस्थेतल्या प्रोग्रामला मारायची आज्ञा पोचतच नाही. उत्तर आल्याशिवाय तो हलत नाही.

टेकचंद जेवून आला, मेन चढवला. काट्याचा कंप्युटर सुरू झाला. थोड्या वेळात एकेक स्क्रिप्ट सुटत गेली. पहिला आकडा पडला. पंधरा मिनिटांचा वरच होता.

म्हणजे सर्व्हरचा मूळ आजार पंख्यातला कोंडा होता आणि तो पहिल्याच दिवशी गेला होता. नंतरचं सगळं माझं. ट्रकही मशीनने थांबवले नव्हते. मीच मशीनला जपण्यासाठी छपाई थांबवत होतो आणि ती तर रिकामी बसली होती.

वाईट वाटायला हवं होतं. बघतो.

१ डिसेंबर, मंगळवार

स्क्रिप्ट बदलली. काट्याच्या फोल्डरबद्दल विचारणं काढून टाकलं. पुन्हा दर पाच मिनिटांवर आणली. वर एक अट घातली की आधी पाठवलेली स्क्रिप्ट परत आली नसेल तर दुसरी पाठवायची नाही. छपाई थांबवणारा भाग पूर्ण पुसला. लोड वाढला तर वाढू दे, मशीनला काम करू दे.

टेकचंदला विचारलं की मेन पाडला नाही तर चालेल का. तो म्हणाला, "भाऊ, मेन पाडल्याबिगर मले जेवण जात नाही. वरण गार होते अन् ध्यान इकडंच." मग म्हणाला, "पण तुमची मशीन मरत असन तं सांगा. उपाशी राहीन." तोंड एवढं गंभीर की थट्टा आहे हे उशिरा समजलं. म्हटलं, पाडत जा.

शेठ परत आले, त्यांना सगळं सांगितलं. माझी चूक आहे असंच सांगितलं. ते म्हणाले, चूक किसकी है ये नहीं पूछा, पास निकल रहे हैं क्या. निघत होते. मग विषय ट्रान्सपोर्टवर गेला.

कामात अल्काला फोन करायचा राहिला. संध्याकाळी लक्षात आलं. सासूबाईंचं बोलणं आठवलं, म्हणून केला नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

सर्व्हर ठीक. चार दिवसांत एकदाही बसला नाही. तासाला येणारा मेसेज बंद केला, दिवसातून एकदाच ठेवला.

मी फोन केलेला नाही. करायचा नाही असं ठरवलंही नाही. हात खिशाकडे जातो, परत येतो.

५ डिसेंबर, शनिवार

दुपारी अल्काचा फोन आला. ट्रकवाल्यांच्या गडबडीत वाजला. मी बाहेर कोंड्याच्या ढिगामागे गेलो. तिनेच विचारलं, "ते सामान कुणाले देऊन टाकलं तुमी?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. म्हटलं, कुणालाच नाही. सर्व्हरच्या खोलीत आहे, कपाटावर.

कोंबड्यांचा आवाज येत होता. मी हॅलो म्हटलं नाही. मग म्हणाली, "मले वाटलं, दिलं तुमी. दवाखान्याच्या बाईले. मायची गोधडी पण."

नाही, म्हटलं.

"उद्या आणा," म्हणाली.

६ डिसेंबर, रविवार

पिशवी घेऊन तिरोड्याच्या बसने निघालो, पुढे ऑटो. बसमध्ये पिशवी वर टाका म्हणून कंडक्टर दोनदा म्हणाला. मांडीवरच ठेवली. हलकी आहे.

गावात पोचलो तेव्हा विहारात वंदना चालू होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार. बाहेरच चप्पल काढून मागे बसलो. अल्का पुढे बायकांत होती. पाठमोरी ओळखली. वाळली आहे.

नंतर घरी न जाता ती खळ्यावर गेली, मी मागे. खळ्यावर जाऊ देऊ नका असं मी सांगितलं होतं, ते सासूबाईंनी किती पाळलं माहीत नाही. तिने सूप घेतलं आणि धान उफणायला लागली. वारा चांगला होता. म्हणाली, "मले कोणी कशाले हात लावू देत नव्हते. तुमीच सांगितलं मने." मी हो म्हटलं. "झोपून झोपून पाठ दुखून राहिली होती," म्हणाली. मी पिशवी पुढे केली.

ती तिथेच बांधावर बसली. एकेक काढून मांडीवर ठेवलं. एक झबलं नाकाशी नेलं. कोंड्याचा वास येते म्हणाली. झटकलं, पुन्हा घडी घातली. रडली नाही. मी तिला कसं वाटतं ते विचारणार होतो, पण तोंडात धानाची धूळ गेली आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत तिनेच विचारलं, "अन् तुमी कसे आहा?"

ठीक, म्हटलं.

तिने पुन्हा विचारलं नाही. घडी घातलेल्या दुपट्यावर हात ठेवून बसून राहिली, जणू अजून उत्तर यायचं आहे. तलावाकडून कालव्याच्या पाण्याचा आवाज येत होता. सासूबाई लांबून बघत होत्या, त्याही जवळ आल्या नाहीत.

मग मी सांगायला लागलो. काय सांगितलं ते पूर्ण आठवत नाही. रोज भात जास्त होतो हे सांगितलं. नर्सने मुलगी माझ्या हातात दिली होती, थोडाच वेळ, हेही सांगितलं. अल्काला तेव्हा शुद्ध नव्हती, तिला हे माहीत नव्हतं. मी हे आजपर्यंत बोललो नव्हतो, कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुठे लिहिलं नव्हतं. तिने विचारलं, कोणासारखी होती. मी म्हटलं, केस खूप होते. ती म्हणाली, "माह्या मायचे आहेत तसे." मी म्हटलं, हो, तसेच.

तेव्हा ती रडली. मलाही डोळ्यांत काहीतरी झालं. खळ्यावर धूळ फार असते.

निघताना मी पिशवी तिच्याजवळ ठेवून उठलो. तिने ती परत माझ्या हातात दिली. म्हणाली, "घरी न्या. कपाटात ठेवा, खालच्या कप्प्यात. कुलूपबिलूप नका लावू. मी आल्यावर पाहीन."

बसमध्ये जागा मिळाली. पिशवी जाताना जेवढी होती तेवढीच परत आणली. तिरोडा सुटल्यावर लक्षात आलं, ती "मी आल्यावर" म्हणाली.

७ डिसेंबर, सोमवार

सर्व्हर ठीक.

सकाळी बॅटऱ्यांचं कपाट पुसलं. वर पिशवीचा चौकोन तेवढा स्वच्छ होता, बाकी सगळीकडे कोंडा. नवीन माणसासाठी: कपाटावर आता काही नाही.

टेकचंदने जेवायला जाताना मेन पाडला. मी आकडे बघत बसलो. लोड चढला नाही. तो परत आला, मेन चढवला, काटा सुरू झाला, ट्रक एकामागे एक गेले.

फोन थरथरला तेव्हा वाटलं रोजचा मेसेज असेल. अल्का होती. गडबडीत होती, खळ्यावरूनच बोलत होती, मागे मळणीची मशीन चालू होती. कपाटात कपड्यांना कसर लागते, डांबराच्या गोळ्या ठेवा म्हणाली. आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी बाजारातून डांबराच्या गोळ्या घ्यायच्या आहेत.